काका अजून तिशीचेही नव्हते

पत्र:

सप्रेम नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. यंदा नववीला पाठ्यपुस्तकाबाहेरचं काही वाचून दाखवावं म्हणून रणजित देसाई यांची माधवराव पेशव्यांवरची कादंबरी 'स्वामी' निवडली. आठवड्यातून एक तास, निवडक प्रकरणं, मोठ्याने वाचन. मुलं रंगतात. थेऊरच्या भागात तर दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण प्रश्न लिहायला दिले की सगळ्या वह्या एकसारख्या: 'माधवराव शूर, करारी, न्यायी व कर्तव्यदक्ष होते. राघोबा कपटी व सत्तालोभी होता.' सुरुवातीचे माधवराव आणि शेवटचे माधवराव यांच्यात काय फरक पडला, असं विचारलं. एका मुलाने लिहिलं, 'आजारी पडले.' पात्राचा दृष्टिकोन बदलत जातो, हे या मुलांना शिकवायचं कसं? त्यात एका पालकांनी शाळेत येऊन विचारलं, 'राघोबाच्या मनात काय चाललं असेल ते लिहा, असं मुलांना सांगता. म्हणजे खुन्याची बाजू घ्यायला शिकवता का?' मुख्याध्यापक म्हणाले, जरा जपून. मन खट्टू झालंय. आणखी एक, शाळेत पुस्तकाची एकच प्रत आहे.
– एक मराठी शिक्षिका

उत्तर:

प्रिय बाई,

'आजारी पडले' हे उत्तर वाचून मी आधी हसले. मग वाटलं, त्या पोराला पैकीच्या पैकी द्यायला हवेत. अख्ख्या वर्गात बदल टिपणारा तो एकटाच निघाला. बाकीच्यांनी विशेषणं लिहिली, त्याने घडलेली गोष्ट लिहिली. त्याला फक्त आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: बरं, आजारी पडल्यावर माधवरावांना कशाची घाई झाली? आणि कशाची घाई उरली नाही? क्षयाने खंगत चाललेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाला जे दिसतं, ते सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं घेताना त्याला दिसलेलं नसणार. तुम्हाला जे शिकवायचं आहे, ते त्या दोन शब्दांत निम्मं आलेलंच आहे.

विशेषणांचा दोष मुलांना देऊ नका. ती सवय आपणच लावली. मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, आणि त्यातली पहिली आठ-दहा वर्षं स्वभावचित्रणाच्या नोट्स फळ्यावर उतरवून दिल्या. शूर, करारी, मानी, मातृभक्त. एका वर्षी वह्या तपासताना ध्यानात आलं की एका पानावर पेशवाईतला सरदार आहे, पुढच्या पानावर धड्यातला कोरडवाहू शेतकरी आहे, आणि दोघांची पाचपैकी चार विशेषणं सारखी आहेत. त्या दिवशी लाल पेन बाजूला ठेवलं. विशेषणाला तारीख नसते, ही खरी अडचण आहे. 'करारी' म्हणजे कधी करारी? १७६१ मध्ये की १७६८ मध्ये? कुणाशी करारी? काकाशी, की आईशी, की स्वतःशी?

आता ऐतिहासिक कादंबरीपुरती एक वेगळी गोम. साध्या कथेत पुढे काय होणार, हे वाचणाऱ्याला माहीत नसतं. इथे शेवट आधीच ठाऊक असतो. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात माधवरावांच्या धाकट्या भावाचा, नारायणरावांचा खून झाला. 'काका, मला वाचवा' ही हाक, आनंदीबाईंनी केलेला 'ध'चा 'मा', हे सगळं मुलांनी आजीकडून, सहलीत वाड्याच्या दरवाज्यात, कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ('ध'चा 'मा' ही कागदोपत्री सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, लोकांनी जपलेली कथा आहे. तेही वर्गात कधीतरी सांगाच.) मग मुलं काय करतात, तर १७७३ चा राघोबा उचलून १७६२ च्या प्रकरणात आणून बसवतात. तिथे तो काहीही बोलला तरी ते कपट. पुतण्याला जवळ घेतलं तरी कपट. 'स्वामी' तर १७७२ मध्ये थेऊरला संपते. खून तिच्या बाहेर आहे. पण मुलांच्या डोक्यात तो पहिल्या पानापासून दाराआड उभा असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की 'तो कसा होता' हा प्रश्न महिनाभर बंद ठेवा. त्याऐवजी विचारा, 'या पानावर, या दिवशी त्याला काय माहीत आहे?' आणि पाठोपाठ, 'काय माहीत नाही?' बाकी सगळं यातून येतं. माहिती बदलते, बसायची जागा बदलते, आपल्या जिवावर असलेली माणसं बदलतात, आणि मग तोच काका वेगळा दिसायला लागतो.

सुरुवात वजाबाकीने करा. गंमत नाही, खरंच. फळ्यावर चार नावं आणि चार जन्मसालं लिहा: रघुनाथराव (म्हणजे राघोबा) १७३४, विश्वासराव १७४२, माधवराव १७४५, नारायणराव १७५५. खाली लिहा १७६१. आणि गप्प बसा. माझ्या वर्गात दर वर्षी मागच्या बाकावरून तोच आवाज यायचा, 'बाई, काका सत्तावीसचेच?' मुलांच्या डोळ्यांपुढे राघोबा म्हणजे मिशांना पीळ देणारा, नाटकातला पन्नाशीचा कारस्थानी. प्रत्यक्षात पेशवाईची वस्त्रं पुतण्याला मिळाली तेव्हा हे काका तिशीचेही नव्हते. वयाच्या तेविसाव्या वर्षी ते लाहोरात होते. त्यांच्या मोहिमेतल्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या. लोकांनी त्यांना राघोभरारी म्हटलं. पण त्या मोहिमेवरून ते डोक्यावर कर्ज घेऊन परतले. पुढच्या वेळी उत्तरेत गेले ते सदाशिवरावभाऊ, हे नाहीत. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, जूनमध्ये थोरले बंधू नानासाहेब पर्वतीवर वारले, आणि राज्याचा कारभार एका सोळा वर्षांच्या मुलाच्या नावावर झाला. आता वर्गाला विचारा, अशा माणसाला स्वतःविषयी काय वाटत असेल? 'सत्तालोभी' हा शब्द तरीही कुणी लिहिला तर लिहू द्या. निदान त्यामागे आता काही दिसेल.

मग त्याच चार आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने बघा. माधवराव थोरला मुलगा नव्हता. पेशवाई विश्वासरावांकडे जायची होती, आणि ते अठराव्या वर्षी पानिपतावर पडले. सहा महिन्यांच्या आत या मुलाचा थोरला भाऊ, चुलतकाका आणि वडील गेले. घरात उरलेला अनुभवी कर्ता पुरुष एकच, दादासाहेब, म्हणजे हेच रघुनाथराव. म्हणजे १७६१ च्या माधवरावांना हा माणूस आपला वैरी वाटण्याचं कारण नाही. कदाचित तो आधार वाटला असेल, कदाचित धाक. वैर नंतर आलं, आणि ते 'नंतर' कुठल्या पानावर येतं, हेच मुलांनी शोधायचं आहे.

यासाठी सगळी कादंबरी घेऊ नका. एकच नातं धरा, काका-पुतण्याचं, आणि चार मुक्काम. पहिला आळेगाव. नोव्हेंबर १७६२. घरचंच भांडण, पण काकांनी निजामाची मदत घेतलेली. लढाईत पुतण्याची बाजू पडती. आणि माधवराव स्वतः उठून काकांच्या छावणीत जातात, त्यांच्या स्वाधीन होतात. इतिहास आपल्याला एवढंच देतो: तो गेला. जाताना त्याच्या मनात काय होतं, हे कादंबरीकाराने भरलेलं आहे. ही रेघ मुलांना स्पष्ट दाखवा, कारण नाहीतर ती परीक्षेत कादंबरीतला संवाद इतिहासाच्या पेपरात लिहून येतात. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिला होता, आणि इतिहासाच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये गाठून तो वाचून दाखवला होता.

आळेगाववर दोन तास घालवलेत तरी चालेल. हरलेला मुलगा नाइलाजाने गेला? घर फुटलं तर राज्य फुटेल म्हणून वाकला? की वेळ काढला, आज मान खाली घालू, उद्याचं उद्या? तिन्ही वाचनं शक्य आहेत. ज्याला जे पटेल त्याने ते धरावं, पण पुस्तकातलं वाक्य दाखवून. आणि मग तीच घटना तंबूच्या आतून. दादासाहेबांना काय दिसलं असेल? 'पोरगं अखेर ताळ्यावर आलं.' बाहेर त्यागाची गोष्ट चालू आहे आणि आत शिस्त लावल्याची. घटना एक, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतंय. हे एकदा मुलांच्या हाताला लागलं की पुढचं त्यांचं ती करतात.

दुसरा मुक्काम राक्षसभुवन, १० ऑगस्ट १७६३. गोदावरीचा काठ. गेल्या वर्षी ज्या निजामाला काकांनी मदतीला घेतलं होतं, त्याच्याशीच आता काका-पुतणे मिळून लढतायत. दादासाहेब वेढ्यात सापडतात आणि पुतण्या धावून जातो. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला जातो. इथे मी वर्गात एकच प्रश्न टाकायची: पुतण्याकडून हरणं जास्त झोंबेल, की पुतण्याने वाचवणं? मुली बहुतेक दुसरं म्हणायच्या, मुलगे पहिलं. का ते मला आजवर कळलेलं नाही.

तिसरा धोडप, १७६८. चांदवडजवळचा हा किल्ला. काकांचा पराभव होतो, त्यांना पुण्यात आणून शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवतात. यावर फार वेळ घालवू नका, एवढंच पाहा की आळेगावी जो तंबूत बसला होता तो आता कोठडीत आहे आणि जो चालत आला होता तो हुकूम देतो आहे. जागा उलटल्या. नजर कुणाची किती उलटली?

चौथा थेऊर, १७७२. इथे सावध राहा, कारण मुलांना इथे एक सोपं वाक्य सापडतं: 'शेवटी त्यांना आपली चूक कळली.' दृष्टिकोन बदलणं म्हणजे शहाणपण येणं, अशी त्यांची समजूत असते, आणि ती बोधकथा वाचून झालेली आहे. मरणाच्या दारात माधवरावांनी काकांशी जुळवून घेतलं आणि धाकट्या नारायणरावांना त्यांच्या हाती सोपवलं, हे इतिहासात नमूद आहे. याला काय म्हणायचं? क्षमा? विश्वास? की दुसरं कुणी उरलंच नव्हतं? सतरा वर्षांचा भाऊ, आणि घरातला कर्ता पुरुष पुन्हा एकदा तोच. अकरा वर्षांनी माणूस फिरून जिथे निघाला होता तिथेच आलाय, फक्त आता त्याला काका पुरते माहीत आहेत. मला स्वतःला ही या गोष्टीतली सगळ्यात अंगावर येणारी जागा वाटते. पुढच्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे. त्याला माहीत नव्हतं.

आता भाषेकडे. आपण मराठी शिकवतो, तेव्हा दृष्टिकोन हा प्रकार हवेत ठेवायचा नाही, तो व्याकरणात दाखवायचा. आणि मराठीसारखी सोय दुसरीकडे कुठे मिळेल? तुमच्याच पत्रातलं मुलांचं उत्तर पुन्हा वाचा. माधवराव 'होते', राघोबा 'होता'. एका क्रियापदात मुलांनी निकाल देऊन टाकला आहे आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. हे फळ्यावर लिहून दाखवा, ती चपापतील. मग नावांकडे या. रघुनाथराव, दादासाहेब, राघोबा, राघोभरारी. माणूस एकच. कुठलं नाव कोण वापरतं, समोर असताना कोणतं आणि पाठीमागे कोणतं? वाचताना प्रत्येकाने वहीत दोन रकाने आखायचे: माधवराव काकांना तोंडावर काय म्हणतात, आणि इतरांशी बोलताना काय म्हणतात. 'तुम्ही'चं 'आपण' झालं की जवळीक वाढली असं मुलांना वाटतं. बहुतेक वेळा उलट असतं. आपल्या घरातसुद्धा आई एकदम 'आपण जेवणार आहात का?' म्हणाली की आपण सावध होतोच ना?

दुसरी खूण म्हणजे बारीक शब्द. 'म्हणे', 'तर', 'च', 'की काय', 'अजून', 'असावं'. 'दादासाहेब नाशकाकडे गेले' आणि 'दादासाहेब नाशकाकडे गेले म्हणे' यात बातमी एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात ऐकणाऱ्याचा अविश्वास बसलेला आहे. मुलं 'म्हणे' रोज वापरतात, ओळखत मात्र नाहीत.

तिसरी खूण जरा कठीण, पण नववीला जमते. निवेदक कुठे बोलतो आणि पात्राचं मन कुठे सुरू होतं? कादंबरीकार दर वेळी 'त्यांच्या मनात आलं' असं लिहीत बसत नाही. मी यासाठी स्वतःच चार ओळी रचल्या होत्या, पुस्तकातल्या नव्हेत:

छावणीत दिवे लागले. नदीवरून गार वारा येत होता. दादासाहेबांच्या गोटातून अजून कुणीच आलं नव्हतं. येईल. आज ना उद्या यायलाच हवं. घरचंच तर माणूस आहे.

प्रश्न असा की तंबूबाहेर उभ्या असलेल्या तिऱ्हाइताला यातली कोणती वाक्यं लिहिता येतील? पहिली दोन नक्की. शेवटची तीन अजिबात नाहीत. भांडण तिसऱ्यावर होतं. 'कुणीच' आणि 'अजून' हे वाट बघणाऱ्याचे शब्द आहेत, तिऱ्हाइताचे नाहीत. 'नव्हतं'चं 'आहे' कुठे झालं, तेही पाहायला सांगा, काळ बदलला म्हणजे आपण डोक्यात शिरलो. आणि शेवटचं वाक्य, 'घरचंच तर माणूस आहे', हे खात्रीने म्हटलंय की स्वतःची समजूत घालायला? त्या 'तर'वर आमचा एक अख्खा तास गेला होता.

(वर्ग याला अगदीच दाद देईना, तर आधी 'मृत्युंजय'मधली दोन पानं वाचून दाखवा. ती ऐतिहासिक नव्हे, महाभारतावरची. पण तिथे कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण असे निवेदक नाव सांगून बोलायला उभे राहतात, त्यामुळे कोण बोलतंय हा घोळ नाही. तिथून 'स्वामी'कडे आलं की मुलांना जाणवतं, इथे निवेदक एकच आहे, पण तो एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जातो.)

लिहून घ्यायचं तर पत्र लिहून घ्या, आणि पत्रावर तारीख सक्तीची. नियम एकच: त्या तारखेनंतरचं काहीही पत्रात आलं तर पत्र रद्द, आणि चूक पकडायची ती वर्गाने. मुलांना हे पोलिसी काम फार आवडतं. आमच्याकडे एकाने माधवरावांचं मातोश्री गोपिकाबाईंना पत्र लिहिलं, १७६२ सालचं, आणि त्यात 'पानिपतच्या तिसऱ्या लढाईत दादा गेले' असं आलं (दादा म्हणजे थोरले भाऊ विश्वासराव). एक मुलगी ताडकन उठली, 'त्यांना तिसरी कशी माहीत? तेव्हा नंबर कुणी घातले होते?' मी तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. त्यांना ती 'लढाई' होती, कदाचित नुसतं 'पानपत' होतं, घरातलं मरण होतं. 'तिसरी' हे पुस्तकातल्या धड्याचं नाव आहे. पुढे त्याच वर्गात एका अबोल मुलाने थेऊरच्या वेळचं दादासाहेबांचं पत्र लिहिलं. तारीख, मायना, आणि खाली एकच ओळ: 'नारायणाची काळजी करू नये.' वाचून दाखवल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या मुलाने ते खरं मानून लिहिलं होतं की खोटं, हे मी त्याला विचारलं नाही. तुम्हीही असं काही आलं तर विचारू नका.

त्या पालकांविषयी. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचा प्रश्न वाईट नाही. त्यांना घरी बोलावण्यापेक्षा किंवा चिठ्ठी पाठवण्यापेक्षा एका तासाला वर्गात मागे बसायला बोलवा. आणि त्या दिवशी रामशास्त्री प्रभुणे घ्या. नारायणरावांच्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. आता न्याय देणारा माणूस समोरच्याला ओळखत नव्हता का? तुमच्या मुलांना एक माहिती द्या, ती त्यांच्या कामाची आहे: दादासाहेब आणि रामशास्त्री, दोघांचाही जन्म माहुलीचा. साताऱ्याला लागून. कृष्णेच्या त्याच काठावर तुमची मुलं सहलीला जातात. न्यायाधीशाने आरोपीचं मन वाचलं म्हणून शिक्षा कमी केली नाही. मुलांनी वाचलं म्हणून ती कमी होणार नाही. आणि पालकांना हेही सांगता येईल की ज्यांना इतिहासाने नावं ठेवली त्यांच्या मनात शिरणं हा मराठी कादंबरीचा जुनाच उद्योग आहे. ना. सं. इनामदारांनी 'झेप' लिहिली ती त्रिंबकजी डेंगळ्यांवर आणि 'मंत्रावेगळा' लिहिली ती दुसऱ्या बाजीरावावर, म्हणजे याच राघोबादादांच्या मुलावर. ती वाचून कुणी पळपुटा झाल्याचं ऐकिवात नाही.

मुख्याध्यापकांचं 'जपून' मात्र एका ठिकाणी मनावर घ्या, आणि ते ठिकाण राघोबा नाही, रमाबाई आहेत. थेऊरला मुली रडल्या म्हणता. कशासाठी रडल्या, ते विचारलंत का? माधवरावांसाठी, की सती जाणाऱ्या रमाबाईंसाठी, की ते लिहिलंय इतकं सुंदर म्हणून? इथे तीन तारखा एकावर एक बसल्या आहेत आणि त्या सोडवून दाखवायलाच हव्यात. घटना १७७२ ची. सतीबंदीचा कायदा १८२९ चा, तो अजून सत्तावन्न वर्षं दूर आहे. कादंबरी १९६२ ची, महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, तरुण, सच्चा, अकाली गेलेला राज्यकर्ता वाचकांना हवाहवासा वाटावा असा तो काळ, असं आपलं मला वाटतं. आणि वाचणारी मुलगी आजची, चौदा वर्षांची. रमाबाईंना त्या दिवशी काय दिसत होतं, लेखकाला काय दिसलं, आणि हिला काय दिसतंय? तिन्हींची सरमिसळ झाली की एक तर मुलं सतीचं कौतुक लिहून येतात, नाहीतर रमाबाईंना मूर्ख ठरवतात. आमच्या वर्गात एकीने रमाबाईंच्या नावाने १७६८ चं पत्र लिहिलं आणि त्यात सहगमनाचा निश्चय घातला. शेजारणीने तिथल्या तिथे अडवलं, 'अजून चार वर्षं आहेत गं, तिला जगू दे की.' पत्र रद्द झालं आणि दुसरं लिहिलं गेलं. त्यात वाड्यातला सोपा होता, सासूबाईंची आठवण होती, मोहिमेवरून न आलेल्या नवऱ्यावरचा राग होता. गोपिकाबाई पुढे पुणं सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या, हे त्या मुलीने कुठून तरी शोधून त्यात घातलं होतं. मी काहीही शिकवलं नव्हतं.

गुणांचं थोडक्यात. परीक्षेत स्वभावचित्रणाचा प्रश्न येणारच, त्याला इलाज नाही. मुलांना विशेषण लिहू द्या, पण प्रत्येक विशेषणापुढे 'कधी' आणि 'कशावरून' लिहिल्याशिवाय गुण नाही, असा तुमच्या वर्गापुरता नियम करा. दोन महिन्यांत विशेषणं आपोआप पाचवरून दोनवर येतात. उत्तरं लांबतात, तपासायला वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

आणि प्रत एकच आहे म्हणता, ते चांगलंच आहे. छत्तीस प्रती असत्या तर छत्तीस मुलं पुढची पानं उलटून शेवट बघत बसली असती. आळेगाव, राक्षसभुवन, धोडप, थेऊर, या चारांमधलं एकेक पान निवडा, झेरॉक्स काढा, वर्गाचे चार गट करा आणि प्रत्येक गटाला त्याचं एकच पान द्या. आळेगावच्या गटाने महिनाभर थेऊरचं पान बघायचं नाही. त्यांचे माधवराव सतराच वर्षांचे राहू देत. महिन्याअखेरीला चारही गट एकामागून एक उभे करून एकच प्रश्न विचारा: 'तुमचे काका कसे आहेत?'

'आजारी पडले'वाल्या त्या मुलाला थेऊरच्या गटात घाला. त्याने काय लिहिलं ते मला जरूर कळवा.